ओलं लागलं की थांब

दिवेलागण झाली की कनकव्वा हातातलं काम टाकायची. विणकरांच्या गल्लीतल्या इतर बायका त्या वेळी माग थांबवून चुलीकडे वळायच्या, भिंतीपलीकडून एकमेकींना आज कालवण काय म्हणून विचारायच्या. कनकव्वा मात्र उंबऱ्यात उभी राहून धाकटीला हाक मारायची.

“चिन्नी, आतल्या खोलीतली मिठाची बरणी आण बघू.”

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा होता, पण कनकव्वा तो लावायची नाही. सात वर्षांची चिन्नी गुणगुणत आत जायची. आतून भांड्याला भांडं लागल्याचा आवाज यायचा. मग पोर बरणी पोटाशी धरून बाहेर यायची आणि कनकव्वाचा इतका वेळ कोंडलेला श्वास सुटायचा. “नरसिंहस्वामी, आजचा दिवस सांभाळलास,” असं ती मनात म्हणायची. बरणी आणवलीच आहे तर म्हणून कालवणात आणखी चिमूटभर मीठ पडायचं.

यादगिरी जेवताना म्हणायचा, “कनका, घरात समुद्र आणून ठेवलायस काय गं?”

“गप जेवा, मामा.”

यादगिरी तिचा नवरा, आणि तिच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तिने यादगिरीगुट्ट्याच्या नरसिंहाची जत्रा बघितली, त्याच्याच हातून अठराव्या वर्षी तिच्या गळ्यात मंगळसूत्राचे पुस्ते पडले. त्यांच्यात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. भाचीला मामा सोडून दुसऱ्या घरी दिली असती तरच लोकांनी कारण विचारलं असतं. लग्नानंतर ‘मामा’ ही हाकही तशीच राहिली.

लग्न लागलं ते भर दुपारी. भटजींनी मांडवाबाहेर नेऊन पांढऱ्याफटक आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाले, “अरुंधती बघा.” दोघांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं, “दिसली” म्हणाले, आणि बायका हसल्या. दुपारी अरुंधती कुणालाच दिसत नाही, हे साऱ्यांना ठाऊक असतं.

पुढे महिनाभराने एका संध्याकाळी कनकव्वा हट्टाने नवऱ्याला गच्चीवर घेऊन गेली. अंधार पडला की तो घराबाहेर पडायचा नाही आणि घरातही तिचं बोट धरून चालायचा. ती त्याला प्रेम समजत होती.

“मामा, वर बघा ना, केवढ्या चांदण्या!”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? वर.”

तो बराच वेळ तोंड वर करून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे त्या खरंच असतात?”

ती खळखळून हसली. तो हसला नाही.

“मला वाटायचं, अरुंधती दिसली म्हणतात ना, तसंच हे. म्हणायची रीत. आमच्या आईला कधी दिसल्या नाहीत. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवायचं आणि दार लावायचं. सगळ्या गावाचं असंच असेल, असं धरून चाललो मी.”

कनकव्वाचं हसू तिथेच विरलं. ती त्याला जिन्यावरून हाताला धरून खाली घेऊन आली, आणि पायऱ्या उतरताना पहिल्यांदा तिच्या मनात आलं की आता आपल्या पोटी जे येईल त्याचं काय.

यादगिरी गल्लीतला नावाजलेला बांधणारा. मागावर चढायच्या आधी सुताच्या ताणलेल्या लडी पुढ्यात घ्यायच्या, आणि रंग जिथे लागू द्यायचा नाही तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधायच्या, हे त्याचं काम. त्याच्या बांधणीतला हत्ती साडीवर उतरला की त्याच्या सोंडेची कड कुठे फुटायची नाही. कनकव्वा त्याच्याशेजारी बसून आसूच्या चौकटीवर सूत ओढायची. खुंट्यांच्या अर्धगोलावरून हात सारखा मागेपुढे, मागेपुढे. खांदा रात्रभर ठणकायचा. पण दिवस बरे होते.

मग त्याची नजर कडेकडेने मिटत आली. दाराची चौकट खांद्याला लागू लागली. हातातली गाठ दिसायची, शेजारची दिसायची नाही. पंचेचाळिशीच्या आसपास त्याने एका साडीत हत्तीचा पाय मोराच्या अंगावर बांधला. ती साडी विणून झाल्यावर त्याने स्वतः हात फिरवून बघितली, आणि पुन्हा बांधायला बसला नाही. तेव्हापासून तो सुताच्या कांड्या भरतो. ते बोटांनी होतं.

थोरली लहरी अकरा वर्षांची असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. त्यांनी तिला हैदराबादच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कळलं, बापाचंच दुखणं मुलीला आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा. नाव कनकव्वाला कधी नीट म्हणता आलं नाही. तिला समजलं ते एवढंच, की बापाकडे बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत, तिच्या स्वतःच्या अंगात एक आहे, आणि होणाऱ्या प्रत्येक मुलाला निम्मी भीती, निम्मी आशा.

“नात्यात लग्न?” तिथल्या बाईंनी विचारलं होतं.

“माझा मामा,” कनकव्वा जमिनीकडे बघत म्हणाली होती. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला परतताना वाटत राहिलं.

त्यानंतर मूल नको असं तिने ठरवलं होतं. तरी दोन वर्षांनी चिन्नी आली. लहरी तेव्हा तेरा वर्षांची, आणि कनकव्वा पस्तिशीची. शेजारची बालामणी बारशाला म्हणाली, “उशिराचं फळ गोड असतं गं.” कनकव्वाने बाळाच्या डोळ्यांवरून पदर फिरवला. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं, धाकटी जरा मोठी झाली की घेऊन या, तपासू. कनकव्वाने मान हलवली, आणि नेलं नाही. या वर्षी साड्यांची घाई, पुढल्या वर्षी सासूचं वर्षश्राद्ध, मग करोना, मग पोरीला ताप. कारण मिळत गेलं. तपासलं नाही तोवर पोर निरोगी आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीला ती रोज संध्याकाळी मिठाच्या बरणीने टेकू द्यायची. कधी बरणी, कधी अंगणात मुद्दाम टाकलेली बांगडी. चिन्नीने प्रत्येक वेळी आणून दिलं होतं.

लहरी त्या वेळी कोपऱ्यात बापाशेजारी कांड्या भरत बसलेली असायची. वीस वर्षांची पोर, समोरचं नळीतून बघितल्यासारखं बघायची. ती कधी काही बोलायची नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. कित्येक वर्षांनी गावचं तळं काठोकाठ भरलं. बतुकम्मा, म्हणजे फुलांची रचलेली गौर, सणाच्या नवव्या दिवशी तळ्यात सोडायची, म्हणून पंचायतीने उन्हाळ्यातच काठावर सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता, बायकांना चिखल तुडवावा लागू नये म्हणून. त्या संध्याकाळी देवळापुढच्या चौकात दिव्यांचा लखलखाट. तंगेडूची पिवळी फुलं, गुनुगूचे पांढरे तुरे, झेंडू, असे थरावर थर रचलेले डोंगर मधोमध, माथ्यावर हळदीची गौरम्मा, आणि भोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायका. चिन्नी नव्या परकरात पुढच्यांच्या पाठोपाठ अचूक फिरत होती. बालामणी म्हणाली, “तुझी धाकटी काय नाचते गं! पायात भोवरा आहे.” कनकव्वाला बरं वाटलं. तिने आपल्या डब्यातला मलिदा बालामणीच्या हातावर ठेवला.

मग बतुकम्मा डोक्यावर घेऊन सगळ्या तळ्याकडे निघाल्या. चौकातला उजेड मागे राहिला. चिन्नीने आपली ताटलीएवढी बतुकम्मा स्वतःच घ्यायचा हट्ट धरला होता. कनकव्वा तिच्या मागे, दोन हातांच्या अंतरावर. ओट्यापाशी पोचलेल्या बायका कडेला थांबून गात होत्या. पाण्यात सोडलेले दिवे पलीकडे सरकत होते.

चिन्नी थांबली नाही.

ती अडखळली असती, घसरली असती तर कनकव्वाला इतकं भय वाटलं नसतं. पोर नीट, ताठ मानेने, गाण्याच्या दिशेने चालत राहिली, ओटा संपला तिथेही चालत राहिली, आणि पाण्यात नाहीशी झाली. ताटली तेवढी वर तरंगली.

कनकव्वा कशी उडी मारून गेली ते तिला आठवत नाही. पाणी तिच्या छातीएवढं होतं. हाताला आधी फुलं लागली, मग केस. बायकांचं गाणं तुटलं, ओरडा झाला, कुणीतरी दोघींना वर ओढलं. चिन्नीने पाणी ओकलं, ठसकली, आणि आईच्या गळ्याला मिठी मारून रडत म्हणाली,

“अक्का म्हणाली होती, ओलं लागलं की थांब. ओलं लागलंच नाही अम्मा!”

बायकांना त्याचा अर्थ कळला नाही. बालामणी म्हणाली, “घाबरलंय लेकरू, काहीबाही बोलतंय.” कनकव्वाला कळलं. भिजलेली साडी अंगाला चिकटली होती आणि तिची नजर पायाखालच्या ओट्यावर होती. काठावर दर वर्षी आधी माती, मग खडी, मग ओला चिखल असायचा. या वर्षी सिमेंट होतं, कोरडं, कडेपर्यंत.

घरी आल्यावर तिने चिन्नीला कोरडं करून गोधडीत गुंडाळलं आणि लहरीसमोर जाऊन बसली.

“काय शिकवलंस तिला?”

लहरीने हातातली कांडी खाली ठेवली. “सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“बरणी कुठल्या फळीवर, दारापासून भिंत किती लांब. बांगडी पडली की कुठे वाजली ते ऐकायचं आणि पाय जमिनीवरून पंख्यासारखा फिरवायचा. गोलात फिरताना पुढच्या बाईच्या टाळीवर कान ठेवायचा. मी करते तेच.”

“कधीपासून?”

“ती चार वर्षांची होती. दिवे गेले होते, तेव्हा ती माझ्या अंगावर येऊन आपटली. मी तेव्हाच समजले.”

“आणि मला सांगितलं नाहीस? आईला? अगं, पोरगी बुडाली असती!”

लहरी म्हणाली, “तू तिला अंधारात पाठवायचीस ना, तेव्हा तुझा श्वास थांबायचा. मला इथे ऐकू यायचं. ती बरणी घेऊन आली की तू श्वास सोडायचीस. मग रात्रीचं जेवण नीट व्हायचं, तू आमच्याशी बोलायचीस. तेवढ्यासाठी शिकवलं, अम्मा.”

कनकव्वाने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, मान खाली.

“मामा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“तिचं पाऊल माझ्यासारखं पडतं,” यादगिरी म्हणाला. “आधी बोटं, मग टाच. वर्ष झालं असेल ऐकतोय. तू इतक्या आशेने बरणी मागायचीस. माझ्या तोंडून कसं निघावं गं ते?”

घरात डोळस ती एकटी, आणि काही माहीत नसलेलीही ती एकटीच होती. तिने देवापुढचा दिवा मोठा केला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. आजवर ती देवाला नेहमी म्हणायची, तुला सगळं ठाऊक आहे. त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगितलं, “माझ्या धाकटीलाही दिसत नाही.” म्हणून झाल्यावर तिला भडभडून आलं.

दसऱ्यानंतर ती दोन्ही मुलींना घेऊन हैदराबादला गेली. बसमध्ये तीन वेळा तिच्या मनात आलं की मधेच उतरावं. चिन्नीला एका काळ्याकुट्ट खोलीत बसवलं, डोळ्यांत औषध घातलं, पापणीखाली केसासारख्या बारीक तारा लावल्या आणि समोरून प्रकाशाचे झटके मारले. कनकव्वा अंधारात तिचा घोटा धरून बसली होती. पोर रडली नाही. घोटा तेवढा प्रत्येक झटक्याला दचकत होता. पुढल्या खेपेला रक्ताचाही निकाल आला.

डॉक्टर हरिणी बारीक चणीच्या, वेणी घालणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मधली खुर्ची बाजूला सारली आणि कनकव्वाच्या अगदी समोर बसल्या.

“अम्मा, धाकटीलाही तेच आहे. तुमच्या घराण्यात नक्की काय बिघडलंय तेही आता कळलंय. सांगू?”

“सांगा,” कनकव्वा म्हणाली.

“डोळ्याच्या मागच्या पडद्यात कोट्यवधी पेशी असतात. प्रत्येकीला बारीक बारीक दारं. अंधारात ती उघडी असतात. ती उघडी धरून ठेवणारे निरोपे पेशीतच असतात. उजेडाचा कण आला की आतला एक झाडूवाला उठतो, निरोप्यांना झाडून काढतो, आणि दार मिटतं. दार मिटलं, हीच मेंदूला वर्दी, की उजेड आला.”

“मग आमच्यात काय होतं?”

“तुमच्या मुलींच्या पेशींत झाडूवाल्याचे हात लुळे आहेत. निरोपे साचत जातात. दार मिटत नाही. कॅल्शियम आत लोटत राहतं, पेशीला उसंत मिळत नाही, आणि राबून राबून ती विझते. आधी अंधारात बघणाऱ्या पेशी जातात. त्या गेल्या की त्यांच्या आधाराने जगणाऱ्या, दिवसा बघणाऱ्या पेशीही जायला लागतात.”

कनकव्वा म्हणाली, “म्हणजे तिला झोपच नाही.”

“कुणाला?”

“त्या पेशीला.”

“नाही अम्मा,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला झोप नाही.”

“यावर औषध?”

“पक्कं औषध अजून नाही. एक तपासतोय. ते दिसायला त्या निरोप्यासारखंच असतं, पण काम करत नाही. खऱ्याची जागा अडवून बसतं. मग दार थोडं मिटतं, पेशीला विसावा मिळतो. उंदरांमध्ये पेशी जास्त दिवस टिकल्या. माणसांत आत्ता कुठे सुरू करतोय. मेलेली पेशी त्याने परत येत नाही. जिवंत आहे ती टिकावी, एवढीच आशा.”

कनकव्वा पुढे सरकली. “मग चिन्नीला द्या. तिच्या जिवंत आहेत ना?”

“आहेत, बऱ्याच. पण लहान मुलांना आत्ता देता येत नाही. आधी मोठ्यांना देऊन बघायचं, डोळ्याला अपाय होत नाही ना. मग वय खाली आणायचं.”

“कधी?”

“ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं होईल.”

दाराजवळच्या बाकावरून लहरीचा आवाज आला. “मोठ्यांना म्हणजे माझ्यासारख्यांना?”

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “हो. पण नीट ऐक. तुला फायदा होईलच असं नाही. तुझ्या पेशी फारशा उरल्या नाहीत. डोळ्यात सुई टोचावी लागते. सूज येऊ शकते, आहे ती नजरही कमी होऊ शकते. म्हणून एकाच डोळ्यात देतात, ज्याला कमी दिसतं त्यात. दुसरा तसाच ठेवतात, ताडून बघायला.”

“माझा डावा कमी आहे.”

“लहरी!” कनकव्वा ओरडली. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

बसमध्ये लोकांसमोर कनकव्वाने स्वतःला आवरलं. घरात पाऊल टाकल्यावर मात्र कनकव्वाला राहवलं नाही.

“नळीएवढं दिसतंय तेही घालवायला निघालीस? उद्या उजव्याचंही गेलं म्हणजे? मी मेल्यावर तुझा हात कोण धरणार?”

“डाव्याने मला खिडकीचा उजेड तेवढा कळतो, अम्मा. त्याच्यावर कसला जीव टाकतेस?”

“माझा घ्या म्हणावं त्यांना. माझे दोन्ही घ्या.”

“तुझ्या झाडूवाल्याला धाड भरली नाहीये. तुझे डोळे त्यांच्या काय कामाचे?” लहरी म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. “मी तिला पाण्यात पाठवलं. मी. तू म्हण काहीही, मला झोप लागत नाही.”

यादगिरीने हात चाचपडत पुढे केला, लेकीच्या डोक्यावर ठेवला. “कनका, ती मोठी झालीय. आपण तिला विचारून जन्माला घातलं नव्हतं. हे तरी तिला विचारून होऊ दे.”

“तुम्ही नका शिकवू, मामा,” कनकव्वा म्हणाली. पण पुढल्या खेपेला लहरीला हैदराबादला तीच घेऊन गेली.

सुई टोचायच्या दिवशी लहरीला आत नेलं आणि कनकव्वा बाहेर चिन्नीला मांडीवर घेऊन बसली. नरसिंहाची नावं म्हणायला घेतली तर चौथ्या नावापुढे जाईना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच अडखळणं. एक मुलगी धोक्यात घालून दुसरीसाठी मागायचं, हे देवापुढे कसं मांडावं ते तिला उमगेना. शेवटी तिने नुसते हात जोडले.

लहरी पट्टी बांधून बाहेर आली, हसून म्हणाली, “मुंगी चावल्यासारखं झालं.” दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने अंथरुणातून हाक मारली, आणि हाकेतच कनकव्वाला कळलं. डावा डोळा लालभडक, पापणी सुजलेली, पाणी थांबत नव्हतं.

“खिडकीकडे बघ. उजेड कळतो?”

“नाही,” लहरी म्हणाली. “अम्मा, नाही कळत.”

कनकव्वाने तशीच, वेणीफणी न करता, दोघींना बरोबर घेतलं आणि पहिली बस धरली. वाटेत तिने देवाला एक शब्द विचारला नाही, नवस बोलली नाही. लहरीचं डोकं खांद्यावर घट्ट दाबून धरलं होतं, बसच्या धक्क्याने आत काही हलू नये म्हणून. इस्पितळात ताबडतोब तपासलं. आत सूज होती. डॉक्टर हरिणी म्हणाल्या, ही भीती सांगितली होती तीच. बहुतेक उतरेल, पण उतरेपर्यंत मी तुम्हाला शब्द देणार नाही. थेंब, गोळ्या, आणि आठवडाभर तिथेच राहणं.

त्या आठवड्यात कनकव्वा रोज पहाटे उठून लहरीला खिडकीपाशी न्यायची. विचारायची नाही. नुसती उभी राहायची.

एका सकाळी लहरी म्हणाली, “इथे आहे ना गं खिडकी?” आणि बरोबर तिथे हात केला.

“दिसली?”

“आधीसारखीच. नुसता उजेड. ना जास्त, ना कमी.”

कनकव्वा भिंत धरून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. ‘आधीसारखीच’ हा शब्द एखाद्या आईला एवढा गोड वाटावा, याचं तिला त्या वेळीही नवल वाटलं.

वर्ष उलटलं. दर महिन्याला तपासणीला जायचं, तिघींनी. लहरीचा डावा डोळा होता तिथेच आहे. उजवा किंचित घसरला. “औषधामुळे डावा थांबला का?” कनकव्वाने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, एका मुलीवरून सांगता येत नाही, आणखी माणसं हवीत. आता पुढच्या गटात बारा वर्षांच्या मुलांना घेणार आहेत म्हणे. चिन्नी आठ वर्षांची आहे. तिच्या पेशी तोवर किती उरतील, हा प्रश्न कनकव्वा दर महिन्याला विचारते, आणि डॉक्टर दर महिन्याला आकडा न सांगता आलेख दाखवतात. रेघ उतरते आहे. हळूहळू उतरते आहे.

गेल्या खेपेला इस्पितळातून निघायला उशीर झाला. बसथांब्यावर पोचेपर्यंत ऊन गेलं. माणसांची रेटारेटी, रिक्षांचे आवाज, फळवाल्यांच्या गाड्यांवरचे दिवे. लहरीने आईचा डावा दंड धरला होता. चिन्नी एक पाऊल पुढे चालत होती, आणि चालता चालता थांबली.

“अम्मा, आता मला दिसत नाहीये. हात दे.”

असं तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं. कनकव्वाने पटकन तिचा हात धरला.

“तू का कापतेस?” चिन्नीने विचारलं.

काही नाही म्हणायला कनकव्वाने तोंड उघडलं, आणि मिटलं. “भीती वाटते.”

“कसली?”

“तुला पुढे दिसणार नाही याची.”

चिन्नीने थोडा विचार केला. “मलापण वाटते,” ती म्हणाली. “अक्काला पण वाटते. ती म्हणत नाही.”

“वाटते,” लहरी पलीकडून म्हणाली. “आता बस कुठली आली ती बघशील का, अम्मा? इथे डोळे तुझेच आहेत.”

कनकव्वाने दोघींचे हात घट्ट धरले, मान उंच करून येणाऱ्या बसच्या पाटीकडे बघितलं, आणि मोठ्याने वाचायला लागली.